काठ्या पोचल्या
बजाबाईंचा बांध शेजारच्या एकनाथनं नांगरून घेतला. मात्र तसं काही झालंच नाही असं धरून, पुढं होऊ नये एवढंच बघायला ग्रामसभा भरली.
"आजपास्नं एकनाथला हाटेलात चहा बंद!" सरपंच गरजले. दूध मात्र त्याच्याकडूनच घ्यायचं ठरलं, कारण बाकीच्यांना चहा लागतो.
"आन् बजामावशी, रान राखायला तुमाला काठ्या देतो."
"धरायला कोन येनार?"
"ते तुमचं तुमी बगा की."
वळसंगच्या बाजारातून काठ्यांची गाडी येई, मागोमाग एकनाथचा नांगर. आधी विहीर गेली, मग धन्याची समाधी. शेवटी बजाबाईंनी अर्ज दिला: "काठ्या पोचल्या. ठेवायला जागा उरलेली नाही. तरी पुढील मदत जमिनीच्या स्वरूपात मिळावी, ही नम्र विनंती."