टाकीची साक्ष

संडासाच्या टाकीचं झाकण सरकवून मैला उपसणाऱ्या गाडीवाल्याने मायलेकींना मागे व्हायला सांगितलं. "जरा वारा लागू दे आत. वाकून कुणी बघू नका."

लेक मागे सरली, पण तिची नजर टाकीवरच होती. आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मी म्हणते, नडलंय काय?" ती म्हणाली. "तुंबलेलं नाही, वास नाही. उगाच याला कामाला लावलंस."

"तपासायला काय जातं, आई?"

"काही जात नाही. तुझा माझ्यावर विश्वास नाही, एवढंच."

ते खरंच होतं. गेल्या वर्षी वडील गेले आणि आई या घरात एकटी पडली. पुढे थोड्याच दिवसांत ती न्हाणीघरात घसरली, आणि शेजारणीने दार ठोठावेपर्यंत तशीच पडून राहिली. लेकीने धसका घेतला. स्वतःच्या घरातली एक खोली रिकामी केली, आईसाठी पलंग आणला. आई काही हलेना. मग एक दिवस आईनेच फोन करून सांगितलं, वरच्या खोलीत दोन भाडेकरू मुली ठेवल्यात, इस्पितळात नर्स आहेत, आता मी एकटी कुठे?

लेकीला हायसं वाटलं, पण पुरतं नाही. फोन कधीही करा, मुली आपल्या ड्यूटीवर. आज ती स्वतः आली, तरी ड्यूटीवरच. वर गाद्या नीट अंथरलेल्या होत्या, आरशाखाली दोन टूथब्रश होते. पण टूथब्रश काय, कुठल्याही दुकानात मिळतात.

हा संशय आधीपासूनच होता, म्हणून तिने मागच्या आठवड्यात फोनवरच सांगून टाकलं होतं, मी आले की टाकी उघडून बघू. मुली खोट्या निघाल्या, तर या खेपेला आईचं काही एक न ऐकता तिला बरोबर न्यायचं, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

टाकी वडिलांनी स्वतः उन्हात उभं राहून बांधून घेतली होती. लोक आपल्या बागेचं कौतुक सांगतात, वडील टाकीचं सांगायचे, तेही पाहुणे जेवायला बसलेले असताना. हलकं ते सायीसारखं वर तरंगतं, जड ते तळाला बसतं. मधलं पाणी तेवढं पलीकडच्या कप्प्यात जातं, तिथून शोषखड्ड्यात आणि जमिनीत. आतले जंतू रात्रंदिवस राबतात, त्यांना फिनेल पाजू नका. आई कपाळाला हात लावायची, पाहुणे ताटाकडे बघत बसायचे, आणि लेक कान टवकारून ऐकायची. तिला अजूनही या टाकीचं मनापासून कौतुक वाटे. वीज नाही, यंत्र नाही, कसला आवाज नाही. माणसं पाणी ओतून मोकळी होतात, आणि ही मुकाट्याने सगळं निस्तरत बसते.

"घरात माणसं किती, ते गाळ सांगतो," वडील म्हणायचे. "टाकी कुणाच्या भिडेला पडत नाही."

गाडीवाल्याने लांब काठीला पांढरं फडकं घट्ट गुंडाळलं. काठी तळापर्यंत सोडली, थोडा थांबला आणि अलगद वर घेतली. फडकं खालून काळंभोर झालं होतं. गाळ चांगला गुडघ्याच्या वर चढला होता.

लेक पुढे आली. गेल्या वर्षी तिनेच टाकी उपसून घेतली होती, तळ जवळपास मोकळा झालेला तिने डोळ्यांनी पाहिला होता. एकट्या बाईचा वर्षभराचा गाळ एवढा चढणं शक्यच नव्हतं.

"तिघींच्या मानानेही जरा जास्तच आहे," ती म्हणाली.

"कष्टाच्या मुली त्या," आई म्हणाली. "पोटभर जेवतात."

गाडीवाला खाली मान घालून फडकं सोडवत होता.

लेकीला हसू फुटलं, आणि मागोमाग लाजही वाटली. आईच्या घरात झडती घ्यायला आल्यासारखी ती आली होती. तिने आईचा हात धरला.

"चुकलं माझं. तू राहा इथेच, तुझ्या मनासारखी. तुझ्यासाठी रिकामी केलेल्या खोलीत मी शिलाई मशीन ठेवते."

"खिडकीशी ठेव. उजेड लागतो शिवायला."

"आणि टाकी आजच्या आज उपसून घे."

"घेते गं. तू नीघ, बस चुकेल तुझी."

लेक निघाली ती वर्षभरात पहिल्यांदाच निवांत मनाने. आई एकटी नव्हती, दाराआड दोन जिवंत माणसं होती. वडिलांच्या टाकीने तसा निर्वाळा दिला होता. कोपऱ्यावर पोचल्यावर चष्मा टेबलावरच राहिल्याचं तिच्या लक्षात आलं. ती लगबगीने परत फिरली आणि जवळ पडतं म्हणून मागच्या बोळाने आली.

कुंपणापलीकडे गाडीचा पंप धडधडत होता, जाड नळी टाकीत उतरली होती. त्या आवाजात ऐकू जावं म्हणून आई गाडीवाल्याशी चढ्या आवाजात बोलत होती.

"दोन मुलींचं सांगितलं होतं मी तुला. तू अख्ख्या वसतिगृहाचं आणून ओतलंस."