नकलेची वाट

"आज सोमवार. म्हणजे बारापर्यंत ताई मुक्या," वॉचमन उखाआप्पा म्हणाले आणि पल्लवीच्या हातातली चिठ्ठी न वाचताच त्यांनी मिलचं फाटक उघडलं.

बमरोलीच्या या साडी-मिलमधलं सगळं नेटवर्क मागच्या वर्षी तिनेच बसवलं होतं. तिचं सोमवारचं मौनही इथे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. तिने हात जोडले आणि आत गेली.

शनिवारी हेमराजभाईंचा फोन आला होता. नेटवर्क बसवताना तिच्या मागे उभं राहून एकेक तार तपासणारे मॅनेजर. "डिझाइनं छापायच्या आधीच बाजारात जातायत, बेन. शेठचा संशय योगराजवर आहे. आज-उद्या काढतील त्याला. वाचवायचं असेल तर सोमवारीच एक काम करा. पण कुणाजवळ बोलू नका, त्याच्याजवळ तर नाहीच."

योगराज म्हणजे डिंडोलीतला तिचा शेजारी, भिंतीला भिंत. त्याच्या बायकोला, मयुरीला, सातवा महिना. दुकानदाराने चुकून जास्तीचा दिलेला नारळ परत करायला उन्हातून पुन्हा बाजारात चालत गेलेला माणूस. तो डिझाइनं विकेल? पल्लवीने रात्री देवासमोर दिवा लावतानाच ठरवलं होतं, खरा चोर दाखवायचाच.

डिझाइन खात्यातल्या संगणकांच्या तारा जिथे जुळतात त्या स्विचमधून जे जे जाईल, त्याची हुबेहूब नक्कल वेगळ्या वाटेने मिलच्या पर्वत पाटियातल्या विक्रीच्या गाळ्यापर्यंत न्यायची होती. ती पाहून कोण काय बाहेर पाठवतंय ते हेमराजभाई ओळखणार होते. मूळ माल आपल्या रस्त्याने जाणार, कुणाला कळणारही नाही. मध्ये तीन स्विच. तिन्हींवर ती वाट उघडली तरच नक्कल पोचते, नाहीतर मध्येच विरते.

डिझाइन खात्यात योगराज पडद्यावर मोर रंगवत बसला होता.

"ताई, आज काय काढलंत?"

तिने चिठ्ठीवर लिहिलं, नेहमीचंच.

"तुमचं बरंय," योगराज हसला. "नवे साहेब आल्यापासून आम्हालाही मौनच आहे. फक्त साबुदाण्याची खिचडी तेवढी मिळत नाही."

एरवी तिला हसू आवरलं नसतं. आज तिने मान खाली घातली आणि पहिला स्विच पुरा केला.

फाटकाजवळच्या खोलीतला दुसरा स्विच हट्टाला पेटला. नक्कल तिथवर येई आणि थांबे. उपासाने डोकं ठणकत होतं. तिने सेटिंगची एकेक ओळ पुन्हा वाचली, मनात जप चालूच. चौथ्या खेपेला चूक सापडली. पुढे जाणाऱ्या जोडणीवर नवी वाट उघडायचीच राहिली होती. ती उघडली आणि रिक्षा करून पर्वत पाटियाला निघाली.

मिलच्या गाळ्याच्या मागच्या खोलीत तिसरा स्विच होता. हेमराजभाईंनी सांगितल्याप्रमाणे बाजूच्या भिंतीतून एक निळी तार आलेली होती. ती तिने स्विचच्या तेवीस नंबरच्या खाचेत लावली. हिरवा दिवा भराभर लुकलुकू लागला. पावणेबारा वाजले होते. तिने हेमराजभाईंना निरोप पाठवला.

लगेच उत्तर आलं. "सगळं स्वच्छ दिसतंय. देव तुमचं भलं करो, बेन."

बाराला महादेवाचं नाव घेऊन तिने घोटभर पाणी पिऊन मौन सोडलं. कुणाजवळ बोलायचं नव्हतं, पण चोर दिसेपर्यंत योगराजच घरी बसला तर? बाहेर गादीवर मिलचे मालक मगनशेठ चहा पीत होते. ती सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"शेठ, दोन दिवस योगराजला काढू नका. खरा चोर आपोआप समोर येईल."

"योगराजला?" शेठ चकित झाले. "त्याच्या हाताखाली मी अजून दोघं द्यायला निघालोय. आणि चोर कसला?"

"डिझाइनं बाजारात जातायत ना. हेमराजभाई म्हणाले..."

शेठने कप खाली ठेवला.

"हेमराजला मी होळीलाच काढलं, बेन. शेजारच्या गाळ्यात दुसऱ्याची पेढी सांभाळतो तो. आणि आमचं एकही डिझाइन आजवर बाहेर गेलेलं नाही."

पल्लवीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. म्हणजे चोरी सुरू होऊन पंचवीस मिनिटं.