दादाची लेखनिक

"लेखनिक कोण?" टेबलामागच्या मॅडमनी विचारलं.

"मी. पंकजा. यांची बहीण, सख्खी."

अजिनाथने पांढरी काठी दुमडून काखेत धरली. नगरच्या केंद्रावर बँकेच्या क्लार्कची परीक्षा होती. तो बी.ए. झालेला, जन्मापासून दृष्टी नाही. अशा उमेदवाराला प्रश्न वाचून दाखवायला आणि तो सांगेल त्या पर्यायावर खूण करायला एक माणूस सोबत बसू देतात. पहिल्या खेपेला केंद्रानेच एक अनोळखी माणूस दिला होता. तो आकडे गिळत वाचायचा. गेल्या वर्षी पंकजा बसली, आणि अवघ्या दीड मार्काने हुकलं. आता ही तिसरी खेप. यंदा झालं नाही तर पुन्हा नाव काढायचं नाही, असं त्यानेच ठरवलं होतं.

सराव झाला तो बेलापुरात, मारुतीच्या देवळाच्या ओवरीत. अजिनाथ सप्ताहात मृदंग वाजवायचा, त्यामुळे कान तयार. चांगला टाळकरी बुवांच्या श्वासावरून पुढचं चरण ओळखतो, तसा तो पंकजाच्या श्वासावरून प्रश्न संपल्याचं ओळखायचा. ती आधी शेवटचं वाक्य वाचायची, म्हणजे शोधायचं काय ते कळावं. मग आकडे, एका लयीत. कोष्टक आलं की तो तळहात उघडायचा. उसाच्या गाळपाचं असलं, तर चार बोटं म्हणजे चार साखर कारखाने, प्रत्येक बोटाची तीन पेरं म्हणजे तीन वर्षं. लोक ज्या पेरांवर जप मोजतात, त्यांवर हा उसाचे आकडे ठेवायचा. अंगठा फिरवला की आकडा हजर. मांडीवर एक टिचकी म्हणजे प्रश्न सोड, पुढं चल. अडलेल्याशी भांडत बसायचं नाही. आणि आवाज चढवून उत्तर सुचवायचं नाही, ही तर शपथच.

"देव ऐकतोय," तो म्हणायचा.

"आन् मी वाचतीय," ती म्हणायची. "घे पुढचा."

अशी लेखनिक लाखात एक. पण स्वतःच्या परीक्षेत तिने घराला मान खाली घालायला लावली होती. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. संख्याशास्त्राचा शेवटचा पेपर तिने गेल्या साली कोरा दिला. यंदाही कोरा. तिचे सर घरी येऊन गेले.

"रंगुबाई, वर्गात पहिली येणारी पोर नुसता नंबर टाकून उठते, याला काय म्हणावं?"

आई पदराने डोळे पुसत राहिली. बरोबरीच्या मुली एम.एस्सी.ला पुण्याला गेल्या. पंकजा घरी राहिली. आलेलं एक स्थळ "दोनदा नापास" म्हणून परत गेलं.

अजिनाथ तर फार बोलला होता. आज सकाळी एस.टी.तही त्याला राहवलं नाही.

"आंधळा मी हाय, आन् पेपर तुला दिसंना व्हय गं, पंके?"

मागच्या सीटवरचं कुणीतरी हसलं. पंकजाही हसली. "माझं डोकंच तेवढं, दादा. तू केळं खा. रिकाम्या पोटी गणित सुचत न्हाई."

मॅडमनी हमीपत्र पुढे सरकवलं. "इथं डाव्या अंगठ्याचा ठसा. पण आधी ऐका, मी वाचते."

"ठाऊक हाय, मॅडम. गेल्या साली हिनं समदं वाचून दाखवलंय."

"दाखवलं असेल. मी स्वतः वाचल्याशिवाय कुणाचा अंगठा घेत नाही."

मॅडम वाचत गेल्या. अजिनाथ मान डोलवत राहिला. चौथ्या कलमाला त्याची मान थांबली.

"लेखनिकाचं शिक्षण उमेदवारापेक्षा एक पायरी कमी असलं पाहिजे. पदवीधर उमेदवाराला पदवीधर लेखनिक चालणार नाही. तसं आढळल्यास उमेदवाराची परीक्षा रद्द." मॅडमनी पंकजाच्या गुणपत्रिका उलटल्या. "बारावी पास. पदवी अपूर्ण. दोन्ही वर्षी एकाच पेपरात शून्य, बाकी सगळीकडं नव्वदच्या वर." त्यांनी पंकजाकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "नियमात बसतंय. द्या अंगठा."

शाई लागलेला अंगठा हवेतच राहिला. मागे रांग होती. कुणीतरी "चला, चला" म्हणालं. अजिनाथला ते ऐकू आलं नाही. त्याला फक्त शेजारचा श्वास ऐकू येत होता.

"पंके," तो म्हणाला, "ही ओळ तू मला कधीच वाचून दाखवली न्हाईस."

पंकजाने त्याचं मनगट धरलं आणि अंगठा कागदावर टेकवला.

"वाचली असती, तर तू मला माझा पेपर लिहायला लावलं असतंस, दादा."