तपकिरी थेंब

जिपारानं सासूच्या दुधात आयोडीनचे थेंब टाकले, वर चमचाभर मध ढवळला आणि हसतमुखानं वाडगा पुढं केला.

"घ्या अपा. गळ्याला बरं असतं."

नारीन गावात गळा सुजला की घरोघर हेच देतात. कोण बोट दाखवणार? सुंठीवाचून खोकला जाणार होता.

डॉक्टरनं मात्र बजावलं होतं, "यांच्या गळ्यातली गाठ आपल्याच मर्जीनं हार्मोन ओतत सुटलीय. गोळ्या चालू ठेवा. आयोडीन अजिबात नको, काळजाला झेपायचं नाही. घरात आणखी कुणाला होती?"

"मला. कापून काढली," मानेवरचा व्रण दाखवत जिपारा म्हणाली. सासू तेव्हा बाहेर बाकावर बसली होती.

हाच आजार! तेव्हा जिपारा थरथरायची, घामानं निथळायची, भरपेट जेवूनही वाळत चाललेली. "सुनेला जिन लागलाय," असं म्हणून सासूनं, या उमसुनाईनंच, मांत्रिक आणला. त्याच्या चाबकाखाली जिपाराच्या पोटातला मुलगा गेला. म्हातारीनं डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं.

आता भोग म्हणावं!

म्हातारी वाडगा घेऊन आपल्या खोलीत जाई. परत यायचा तो चाटूनपुसून रिकामा. पण मेली कसली चिवट! मरायचं सोडून गालांवर मांस धरू लागली. जिपारानं थेंब वाढवले.

त्यात मीरिमचं निराळंच. नवसासायासानं झालेली ही एकुलती लेक, पुढं डॉक्टर व्हायची होती. आजीच्या खोलीत अभ्यासाला बसायची, भर बर्फात खिडकी उघडायची, नानवर नान फस्त करायची, तरी झगा अंगावर लोंबायचा. काही बोललं की फाडकन उत्तर. परीक्षेचा ताण, दुसरं काय!

नवरोजला शेजारीण नातवाला घेऊन आली. म्हातारीच्या हातात दुधाचा वाडगा होताच.

"अपा, पोराला तुमचं उष्टं द्या ना. थोरांच्या उष्ट्यानं आयुष्य वाढतं."

"नाही गं बाई, ते एकीच्याच नावचं आहे." उमसुनाई सुनेकडं वळली. तिचे डोळे भरून आले होते. "जिपारा, तुझं एक लेकरू माझ्यापायी गेलं. तोंडानं माफी मागवत नाही गं. मी वाडग्याला नुसते ओठ टेकवते. हिवाळाभर सगळं दूध मीरिमला पाजलंय. माझं उरलंसुरलं आयुष्य तिला लागू दे."

मीरिमनं हसत वाडग्यासाठी हात पुढं केला. तो थरथरत होता.