यांचे लाल कान

हेमलताबाईंनी बेल वाजवली आणि यांचे कान लाल झाले. खालच्या मजल्यावरच्या या बाई आमचा नाश्ता झाला की रोज शब्दकोडं सोडवायला येतात. दोघं पेपरावर डोक्याला डोकं लावून बसतात, यांचा चेहरा पार गळ्यापर्यंत लालेलाल होतो आणि मी आत कपबशा जरा जोरातच आपटते. माझ्याकडे बघून हे लग्नातसुद्धा लाजले नव्हते.

परवा बाई लेकीकडे मिरजेला गेल्या. पेपराची घडीही मोडली नाही. तरी ठरल्या वेळी यांचे कान पेटले.

“आता कुणाच्या आठवणीनं?” मी विचारलंच.

“आठवण कसली! गोळी आहे ती. रक्तातली चरबी वाढलीय, म्हणून डॉक्टरांनी नायसिन दिलंय. बी जीवनसत्त्वच असतं ते. घेतलं की अंग तापतं, लाल होतं. हेमलताबाईंच्या यजमानांनाही हीच गोळी होती. त्याच म्हणाल्या, भरल्या पोटी घ्या, कमी जळजळेल.”

मला हसूच फुटलं. पण लगेच विरलं.

“त्यांना सांगितलंत. मग मला का नाही?”

यांनी ताटलीत थालीपिठाशेजारी तसंच उरलेल्या लोण्याकडे पाहिलं. “तू एवढ्या हौसेनं वाढतेस. तुला नको कसं म्हणायचं, तेच त्यांना विचारत होतो.”

म्हणजे माझ्या लोण्याबद्दल त्या दोघांचं रोज बोलणं होत होतं.

माझे कान तापले. मी तर कुठलीच गोळी घेतली नव्हती.