स्वयंपाकघरावरचं सानं

मंद्रूपच्या जुन्या घराचं मातीचं माळवद काढून स्लॅब टाकायचा, म्हणून इंद्रजीतनं कंपनीतनं आठ दिवसांची रजा काढली होती. त्यातले तीन दिवस आईची समजूत घालण्यातच गेले. बजाबाईनं एकच टुमणं लावलं होतं. स्वयंपाकघरावरचं सानं, म्हणजे माळवदातलं ते हातभर भोक, नव्या स्लॅबलाही ठेवायचंच.

"आई, आता चूल न्हाय, धूर न्हाय. उजेडाला दोन ट्यूबलाइट लावतो की. सानं कशाला पायजे?"

"पायजे म्हंजे पायजे."

"पाऊस आला की घरात तळं हुईल."

"घमेलं ठेवीन मी."

गवंडीसुद्धा हसायला लागला, तसं इंद्रजीतचं डोकं फिरलं. माळवदाला माळवद लागून असलेल्या चुलत्याच्या घराशी बांधाच्या भांडणावरनं पंधरा वर्षं बोलणं बंद होतं, आणि आता आईशीही अबोला धरायची वेळ आली होती.

दुपारी आई दळणाला गेल्यावर तो टेप घेऊन स्वयंपाकघरात शिरला. काही झालं तरी हे भोक बुजवायचंच, असं ठरवून तो मापं घेत होता. तेवढ्यात सान्यातनं दोरीला बांधलेला कडीचा डबा अलगद खाली आला, आणि पाठोपाठ शेजारच्या थोरल्या चुलतीचा दबका आवाज.



"बजा, धर लौकर. तुझ्या पोरानं हे बुजवल्यावर आपुन दोघींनी बोलायचं कुटनं गं?"