नकाराचं कारण

"जुनी टाक," मोठे सर म्हणाले. टेबलावर डाव्या कुशीवर पडून, कुणाकडेही न बघता.

धाकट्या डॉक्टरला वाटलं, आपण चुकून भलतंच ऐकलं. त्यानं नव्या नळीचं पाकीट हौसेनं पुढे धरलं होतं. "सर, ही आपली नवी. एकदा बसली की वर्षभर बघायला नको, असं तुम्हीच तर..."

"जुनी टाक म्हणतोय ना!"

सिस्टरच्या हातातला ट्रे जागच्या जागी थांबला. चौदा महिने ती या माणसाच्या एका चुकीची वाट बघत होती. पण ती अशी ताटात वाढून मिळेल, असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

सरांना कावीळ झाली होती. डोळे पिवळेजर्द, अंग खाजवून खाजवून हातांवर ओरखडे. पित्तनलिका अरुंद होऊन पित्त तुंबलेलं. तोंडातून दुर्बीण उतरवायची, पित्ताच्या त्या अरुंद वाटेत नळी बसवायची, की पित्त वाहतं होतं. याच खोलीत, याच टेबलावर सरांनी दोन वर्षं नव्या नळीचं संशोधन चालवलं होतं. चाळीस रुग्ण, निकाल झकास. सोमवारी ते भरसभेत वाचले जाणार होते, आणि मग ती नळी गावोगावच्या दवाखान्यांत जाणार होती. परवाच सरांनी सगळ्यांसमोर, फोटो काढून घेत, स्वतःच्या संमतीपत्रावर सही केली होती. एकेचाळिसावे, मानाचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

सत्ताविसावा रुग्ण सिस्टरचा थोरला भाऊ होता. इथं काम करणाऱ्यांचे नातेवाईक संशोधनात घ्यायचे नाहीत, असा नियम. तिनं नातं लपवलं. आडनावं वेगळी, कोणाला कळतंय? "दादा, आमचे सर म्हणजे देवमाणूस," असं सांगून तिनंच त्याला हाताला धरून आणलं. एकोणिसाव्या दिवशी तो हुडहुडत परत आला, तेव्हा नळी पार खाली सरकलेली तिनं एक्स-रेमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. तिसऱ्या दिवशी दादा गेला. संशोधनाच्या वहीत सरांच्या अक्षरात एकच ओळ होती: रुग्ण पुन्हा आला नाही. तिनं पानं उलटली. तीच ओळ, तेच अक्षर, आणखी पाच ठिकाणी.

बोलावं, तर पहिला प्रश्न, तो तुमचा कोण? नातेवाईक म्हटलं की नोंदच बाद, वर हिची नोकरी जाणार. आणि सरांच्या शब्दापुढे सिस्टरचा शब्द कोण धरतो? मूग गिळून बसली होती बिचारी. रात्री स्वतःलाच विचारायची, दादाला आणलं कुणी?

तिनं ट्रे खाली ठेवला, कपाटातून एक कागद काढला आणि पेनासकट धाकट्या डॉक्टरच्या हातात दिला.

"नकारपत्र आहे, डॉक्टर. सही करून मागे फिरलेल्या रुग्णाचं भरावं लागतं."

"ते नंतर बघू, सिस्टर," सर म्हणाले.

"नंतर कसं, सर? तोंडात कडं बसलं, गुंगीचं औषध गेलं, की बोलणार कसे?" दुर्बीण चावली जाऊ नये म्हणून बसवायचं ते प्लास्टिकचं कडं तिनं हातातच ठेवलं होतं. "एकच रकाना राहिलाय. कारण."

"वैयक्तिक म्हणून लिहा."

"वैयक्तिक चालत नाही. मी एकदा तसं लिहिलं, तर तुम्ही फाइल भिरकावली होतीत माझ्या अंगावर. असा रकाना म्हणजे शुद्ध खोटेपणा, म्हणाला होतात."

"पण सर, खरंच, का?" धाकट्याला अजूनही काही कळेना. "चाळिसातल्या एकाचीही सरकली नाही."

सरांनी डोळे मिटले. नखं पुन्हा हातावर चालू लागली.

"जुनी नळी तयार आहे, सर," सिस्टर म्हणाली, इतक्या गोड आवाजात की धाकट्यानं वळून पाहिलं. "एवढी ओळ झाली की लगेच सुरू."

"सरकते," सर पुटपुटले.

"मोठ्यानं, सर. डॉक्टर लिहितायत."

"सरकते ती! सहा जणांची सरकली!"

धाकट्याचं पेन थबकलं. "सहा? ते तर... ते पुन्हा आले नव्हते ना?"

सिस्टरच्या काळजात गार पाणी ओतल्यासारखं झालं. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं. फार बरं वाटलं. नोकरी गेली तर गेली.

"नंबर सांगा, सर. तोंडपाठ असतील तुम्हाला."

होते. "चार. अकरा. सोळा." सर एकेक नंबर सोडत होते आणि धाकटा खाली मान घालून लिहीत होता. "बावीस. सत्तावीस."

सिस्टरच्या मुठीत कडं करकचलं. सरांनी डोळे उघडले, तिच्या मुठीकडे पाहिलं, मग तोंडाकडे. शेवटचा नंबर सांगायचा राहिला.

"सत्तावीस..." ते म्हणाले. "सिस्टर, तुमचा कोण होता तो?"

"दादा," ती म्हणाली. "पुन्हा आला नाही. सहावा नंबर सांगा, सर, आणि आ करा."